धाकू शितपाची हजेरी

१

रावजी शितप सकाळी काय करणार हे वाडीतल्या कोंबड्यांनाही पाठ होतं. उठला की कोरा चहा, चहा झाला की खराटा आणि बादली, आणि मग पाखाडीच्या दगडी पायऱ्या उतरून थेट चौथऱ्यावर. आंबेकोंडाची पाखाडी जिथे जयगडच्या डांबरी रस्त्याला मिळते, तिथे जांभ्याच्या चिऱ्यांचा हा चौथरा आहे. लढाईत मेलेल्या गाववाल्यांची नावं त्यावरच्या दगडावर कोरलेली. बंदराकडे जाणारे ट्रक दिवसभर त्याच्यावर धूळ उडवतात आणि रावजी ती रोज सकाळी पुसतो. स्मारक समितीचा अध्यक्ष तोच आणि झाडूवालाही तोच. मुंबईला गोदीत जन्मभर कारकुनी करून गावी परतलेल्या माणसाच्या हाताला काहीतरी हवंच की.

दिवाळी सरता सरता चौथऱ्यावर नवा दगड बसला. जुना पार झिजला होता, नावं बोटांनी चाचपून वाचावी लागत. नवा मात्र काळाभोर ग्रॅनाइट, तोंड दिसेल असा गुळगुळीत, आणि त्यात सोनेरी अक्षरं. दगड बसला त्याच्या दुसऱ्या दिवशी रावजीने तो पुसला आणि नेहमीप्रमाणे सगळी नावं मोठ्याने वाचली. मनातल्या मनात वाचणं त्याला ठाऊकच नाही. तो पेपर वाचतो तेव्हा शेजारच्या घराला फुकटात बातम्या कळतात. वाचत वाचत तो शेवटच्या नावाशी आला. शिपाई धाकोजी बाळू शितप. हा रावजीचा आजोबा. जुन्या दगडावर हे नाव नव्हतं. रावजीने घसा साफ केला आणि ते पुन्हा एकदा, जरा चढ्या आवाजात वाचलं.

घरी आला तेव्हा विमला, त्याची बायको, पडवीत कुळीथ निवडत बसली होती.

"अवो, मघाशी माळ्यावर काय शोधत होतात?" तिने सूप न थांबवता विचारलं.

"मी? मी आत्ता येतोय चौथऱ्यावरून."

"मग चढलं कोण? निसण वाजली ना."

निसण म्हणजे माळ्याला लावलेली बांबूची शिडी. तिच्यावर पाय पडला की ती अख्ख्या घराला कळवते. रावजी हसला, म्हणाला, उदमांजर असेल.

"उदमांजराला नारळाचं झाड चढता येतं, आणि माळ्यावर जायला आमची निसण लागते होय?" विमला म्हणाली. तिने पुढचे कुळीथ सुपात घेतले आणि विषय तिथेच राहिला.

२

आता धाकू शितपाचं काय ते सांगून टाकायला हवं, नाहीतर पुढचं सगळं हवेत राहील.

धाकू लढाईत मेला नव्हता. साफ सांगायचं तर तो लढाईतून पळून आला होता. महायुद्धात पलटणीत भरती झाला, सातासमुद्रापार जाऊन आला, आणि एकदा सुट्टीवर घरी आला तो परत गेलाच नाही. तिकडे त्याने काय पाहिलं, देव जाणे. कुणी खोदून विचारलंच तर खाली बघून म्हणायचा, "मना नाय जमलं रं." एवढंच. त्यानंतर कुठे खाकी कपडा दिसला की धाकू निसण चढून माळ्यावर. पोस्टमन आला, माळ्यावर. जंगलखात्याचा गार्ड आला, माळ्यावर. एसटीचा कंडक्टर पाणी प्यायला आला, तरी माळ्यावर. साहेब बोटीत बसून आपल्या देशात गेला, झेंडा बदलला, पण धाकूचा माळा काही सुटला नाही. पाहुणा गेला की खालून घरातल्या पोराने हाक मारायची, "आजोबा, गेले, या खाली." ते काम रावजीचं.

शाळेतली पोरं म्हणायची, शितपांकडे पाहुणे खाली आणि घरधनी वर. रावजीचे कान तापायचे. दहा वर्षांचा असताना तो शिकायला मुंबईला मामाकडे गेला, तो एका परीने सुटलाच. पण लाज अशी सुटते होय? ती त्याच्याबरोबर बोटीत बसली, गोदीत कामाला लागली आणि त्याच्याबरोबर निवृत्त होऊन गावी परत आली.

आणि गावात होती हजेरी. ही आंबेकोंडाची जुनी रीत. चौथरा बांधणाऱ्या म्हाताऱ्या सुभेदाराने ती घालून दिली. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की चौथऱ्यासमोर एकेक नाव पुकारायचं, आणि त्या घरच्या माणसाने उभं राहून मेलेल्याच्या वतीने "हजर" म्हणायचं. घर बंद असेल, माणसं मुंबईला असतील, तर शेजाऱ्याने म्हणायचं. नाव रिकामं जाता कामा नये. सुभेदार म्हणायचा, घरातून हजर आलं की शिपाई रांगेत. गोताडांचं घर उभं राहायचं, पाष्ट्यांचं राहायचं, बोटीवर बुडालेल्या खलाशासाठी सोलकरांचा अरशद मिरकरवाड्यातलं मासळीचं काम टाकून यायचा. आणि समितीचा अध्यक्ष रावजी शितप मागे खुर्च्या मोजत बसायचा. त्याच्या घरचं नाव कुठे होतं?

म्हणून नवा दगड करायला टाकताना रावजीने शेवटी ते घातलं. कोणी विचारलं नाही. सरपंच सुजय गोताड कालचा पोर, त्याला काय ठाऊक? धाकूला डोळ्यांनी पाहिलेलं एकच माणूस वाडीत उरलं होतं, शेजारची सखूकाकी, आणि ती अंथरुणाला टेकलेली. विमलाने तेवढं म्हटलं होतं, "म्हातारा निवांत गेला ना? मग कशाला उकरताय?" पण तिचं ऐकतो कोण! झाकली मूठ सव्वा लाखाची.

३

निसण रोज वाजू लागली.

आणि रोज सारखीच. रावजी चौथऱ्यावर नावं वाचून परत येईपर्यंत ती वाजून गेलेली असायची. मग माळ्याच्या फळ्यांवरून कोणी रांगत गेल्यासारखा आवाज, कोपऱ्यापर्यंत. मग काही नाही. पण ते काही नाहीसुद्धा कसं? कोणीतरी श्वास धरून बसलंय हे खालून कळायचं. विमला भाकरी थापता थापता थांबायची आणि तीही श्वास धरायची. एकदा वरून खोकल्याची उबळ आली आणि अर्ध्यात दबली, तोंडात कपडा कोंबावा तशी.

"उदमांजर," रावजी म्हणाला.

"खोकतं होय?"

रावजी त्या दुपारीच वर चढला. भर उन्हाची वेळ होती, कौलांच्या फटींतून कवडसे पडले होते, भिण्यासारखं काही नव्हतं. जुनी भाताची कणगी, तुटका पाळणा, नारळाच्या सोडणांचा ढीग. आणि सगळ्यावर धूळ. फक्त कोपऱ्यात, जिथे भिंत आणि छपराच्या मध्ये हातभर फट आहे, तिथली धूळ पुसली गेली होती. गुडघे पोटाशी घेऊन एक माणूस बसेल तेवढीच जागा. रावजी तिथे वाकला. त्या फटीतून पाखाडी दिसत होती, खालच्या वळणापर्यंत.

त्याने फळीवर हात ठेवला. फळी गरम होती. कौलं तापलीयत, फळी गरम असणारच, त्याने स्वतःला समजावलं. मग शेजारच्या फळीवर हात ठेवला. ती गार होती. रावजी खाली उतरला आणि विमलाला म्हणाला, वर काही नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्याने ते शेवटचं नाव वाचणं बंद केलं. दगड पुसायचा, बाकीची नावं वाचायची आणि शेवटच्या ओळीवर फडकं ठेवून गप निघायचं. पण शाळेची पोरं! ती रस्त्याने जाता जाता नवा दगड बघून थांबायची आणि पाढे म्हणावेत तशी नावं ओरडायची. "शिपाई धाकोजी बाळू शितप!" की इकडे घरात निसण कडाकडा वाजायची. आता चढणारा घाईत असायचा. एकदा वरच्या पायरीवरून पाय निसटल्याचा आवाज आला आणि कोणीतरी कण्हलं. विमला पिठाच्या हातानेच धावली. निसण रिकामी होती आणि थरथरत होती.

"अवो," ती म्हणाली, "म्हातारं माणूस आहे ते. पडेल ना."

रावजीने तिच्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदा त्याला भीतीपेक्षा लाज जास्त वाटली. तो निसणीखाली उभा राहिला. लहानपणी म्हणायचा तसं म्हणाला, "आजोबा, गेले, या खाली." आवाज पोरासारखा बारीक निघाला. वर एक फळी करकरली. मग कोणीतरी आणखी आत, कोपऱ्यात सरकलं.

४

कोण गेले म्हणत होता रावजी? अजून तर कोणी आलंच नव्हतं. ते आले पौषात.

तिन्हीसांजेची वेळ. विमलाने दुपारी घरापुढचं खळं सारवलं होतं, अजून ओलसर होतं. ती कडेने चालत दोरीवरचे कपडे काढत होती. रावजी पडवीत बसून बघत होता. चालता चालता विमला थांबली, डोक्यावरून पदर घेतला आणि अंग चोरून दगडी गडग्याला टेकून उभी राहिली. अरुंद वाटेत समोरून चार पुरुष माणसं आली की बायका राहतात तशी. खाली बघून उभी राहिली, माणसं जाऊ दिली, आणि मग म्हणाली, "बसा, हे आहेत घरात."

"कोणाशी बोलत्येस गो?" रावजीने विचारलं.

विमलाने वर पाहिलं. खळ्यात कोणी नव्हतं. पदर तिच्या मुठीत तसाच होता.

"आले ना आत्ता..." ती म्हणाली आणि थांबली. "तुम्ही नाही बघितलंत?"

रावजी चप्पल न घालताच खाली उतरला. ओल्या सारवणात बुटांचे ठसे होते. टाचा जुळवलेल्या, चवडे घराकडे. एका ओळीत, सारख्या अंतरावर. येतानाचा ठसा नाही, जातानाचा नाही. नुसते उभे. आणि ओळीच्या शेवटी एका माणसापुरती जागा सोडलेली, तिथलं सारवण कोरं.

बागेत फवारणी करणारी माणसं गमबूट घालून येतात, रावजी म्हणाला. होय, येतात. टाचा जुळवून उभी राहतात का ती? विमलाने असलं काही विचारलं नाही. तिने शेणाचा गोळा आणला आणि ठसे सारवून टाकले. सकाळी ते पुन्हा होते. त्या दिवसापासून विमलाने रोज सारवायचं आणि त्यांनी रोज उभं राहायचं, असा परिपाठच पडला. आत ते आले नाहीत. पडवीची पायरीसुद्धा चढले नाहीत. शिस्तीची माणसं.

माळा मात्र आता दिवसभर गप होता. निसणही वाजत नव्हती. वाजणार कशी? वरचा माणूस खाली उतरतच नव्हता.

५

सखूकाकीच्या अंगावर गोधडी होती आणि डोळ्यांवर मोतीबिंदूचा पडदा. पण कान असे की पाचोळ्यातलं सरडंही ओळखावं. रावजी तिच्या खाटेशी बसला तेव्हा तीच आधी बोलली.

"रावज्या, तुझ्या खळ्यात कोण उभं असतंय रं?"

रावजी खाटेजवळ सरकला. त्याने सगळं सांगितलं. दगडाचं सांगताना आवाज खाली गेला, तेव्हा म्हातारी म्हणाली, मोठ्यान बोल, आता कशाला लाजतोस?

सगळं ऐकल्यावर तिने गोधडी छातीवरून खाली सारली.

"तुला ठावं हाय का, धाकू मेला कसा?" तिने विचारलं.

"माळ्यावर ना?"

"मेल्या, माळ्यावर कुठं! तू मुंबयला गेलास, त्याच्या दुसऱ्या साली पोस्टमन आला, आन् धाकू उठलाच नाय. पडवीत बसून ऱ्हायला. पोस्टमनकडं चुना मागितलान. आम्ही बायका बघतच ऱ्हायलो. माझी सासू म्हनली, धाकूची भीती गेली गो बाय. त्यानंतर कधी चढला नाय वर. पडवीत झोपायचा, पाय लांब करून. आन् तसाच गेला, झोपेत. हसत व्हता."

रावजीला हे कुणी सांगितलंच नव्हतं. किंवा आईने पत्रात लिहिलं असेल आणि त्याने वाचून सोडून दिलं असेल. आजोबाचं नाव निघालं की तो पान उलटायचा. जन्मभर ज्याची लाज बाळगली तो माळ्यावरचा माणूस कधीच खाली उतरला होता, आणि रावजीने त्याला पुन्हा वर चढवला.

"आता काय करू काकी?"

"तू हजर म्हनलास का त्याच्या नावानं?"

"नाही अजून. सव्वीस जानेवारीला पहिल्यांदाच पुकारणार."

"मग अजून त्यांचा झाला नाय तो. म्हनून उभे हायत, हुकमाची वाट बघत. नाव पुकारलं की सगळ्यांसमोर गैरहजर म्हन. सांग, हा आमचा घरचा मानूस, हा पळून आला व्हता, ह्याला सोडा. पलटणीचा मानूस घरचा शब्द मानतो."

"मी गप्पच राहिलो तर?"

"तू गप ऱ्हायलास तर शेजारी म्हनंल हजर. नाव रिकामं जाऊ देतात का आपल्यात? तुलाच तोंड उघडाया हवं रं बाबा."

रावजी उठला. दारापर्यंत गेल्यावर काकी मागून म्हणाली, "एवढं काय जड हाय त्यात?"

६

जड होतं म्हणून तर रावजीने आधी आडवाट धरून पाहिली. कोंबडं झाकून तांबडं फुटायचं राहतं का ते बघितलं. तो सुजयकडे गेला. सुजय पंचायतीत मंडपवाल्याशी फोनवर घासाघीस करत होता.

"सुजय, त्या दगडावरचं शेवटचं नाव... ते काढता येईल का?"

"तुमच्या आजोबांचं?" सुजयने फोन कानापासून लांब धरला. "का हो काका?"

आता सांगावं. एका वाक्याचं काम. रावजीने तोंड उघडलं, आणि भिंतीवर लावलेला फलक दिसला. हजेरी सोहळा. प्रमुख पाहुणे म्हणून कोणी निवृत्त कर्नल. आणि खाली मोठ्या अक्षरात, वीर धाकोजी शितप यांचे नातू व समितीचे अध्यक्ष, रावजी शितप.

"अक्षरं जरा बारीक आलीयत," रावजी म्हणाला. "बाकीच्यांपेक्षा."

"तुम्ही पण ना काका! चांगली दिसतायत. कर्नलसाहेब तुमच्याशी खास बोलणार आहेत, बरं का. चांगला सदरा घाला."

रावजी घरी आला. विमलाने त्याचं तोंड पाहिलं आणि काय झालं ते ओळखलं.

"नाही सांगितलंत."

"सव्वीसला सांगतो. सगळ्यांसमोरच सांगतो. काकीने तसंच सांगितलंय."

"सांगा हो," विमला म्हणाली. तिने त्याच्या हातावर हात ठेवला, असं ती सहसा करत नसे. "काय होणार आहे? चार दिवस हसतील. मीही असेन ना बरोबर. लोकांचं हसणं कुणाला चावलंय?"

त्या रात्री रावजी पडवीत झोपला नाही, घरात झोपला. खळ्याकडे बघायची त्याची हिंमत नव्हती.

७

सव्वीस जानेवारीला ऊन छान पडलं होतं. चौथऱ्यासमोर मंडप, शाळेची पोरं पांढऱ्या कपड्यांत, मुंबईहून आलेले चाकरमानी, हातात मोबाइल. सखूकाकीला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून उचलून आणलं होतं. घरच्या माणसांची ओळ दगडाकडे तोंड करून उभी केली होती, आणि ओळीच्या शेवटी रावजी, इस्त्रीच्या सदऱ्यात. सदऱ्याच्या आत त्याला घाम फुटला होता. तो मनात एकच शब्द घोळवत होता. गैरहजर. गैरहजर.

झेंडा वर गेला. सुजय नावं पुकारू लागला.

"नाईक राघो पाष्टे!"

"हजर!" पाष्ट्यांची सून म्हणाली.

रावजीने समोर पाहिलं. दगड गुळगुळीत होता, सोनेरी अक्षरांच्या मध्ये सगळी ओळ दिसत होती. पाष्ट्यांची सून, तिच्या पलीकडे गोताड, मग अरशद. आणि सुनेच्या मागे कोणीतरी उभं होतं. खांदा दिसत होता, कानाची कड दिसत होती. रावजीने मान वळवून मागे पाहिलं. मागे फक्त मंडपाचा कपडा हलत होता.

"खलाशी उस्मान सोलकर!"

"हजर!" अरशद म्हणाला. दगडात त्याच्याही मागे एक जण टाचा जुळवून उभा राहिला. त्याच्या कपड्यांतून पाणी गळत होतं.

एकेक नाव होत गेलं. दगडातली मागची ओळ भरत आली. रावजीच्या मागे तेवढं मोकळं होतं, आणि त्या मोकळ्या जागेतून पाखाडी दिसत होती, वर घराच्या वळणापर्यंत. ओळीतले सगळे समोर बघत होते. कोणी रावजीकडे बघत नव्हतं. त्यांना काही घाई नव्हती.

"शिपाई धाकोजी बाळू शितप!"

मोबाइल वर झाले. कर्नलसाहेबांनी रावजीकडे बघून आदराने मान तुकवली. जन्मात कुणी त्याच्याकडे असं पाहिलं नव्हतं. गोदीत नाही, शाळेत नाही, कुठेच नाही. बाजूला विमला उभी होती आणि तिचे ओठ हलत होते, म्हणा, म्हणा. रावजीने छाती भरून श्वास घेतला. शब्द जिभेवर होता, देवाशप्पथ होता.

"हजर," तो म्हणाला.

खणखणीत म्हणाला. टाळ्या पडल्या.

दगडात, पाखाडीच्या वळणावर, एक म्हातारा दिसला. अनवाणी, गुडघ्यापर्यंत पंचा, अंगात बंडी. उशीर झालेल्या माणसासारखा बंडीचे बंद बांधत बांधत तो खाली येत होता. मध्येच थांबला, घराकडे वळून पाहिलं, आणि पुन्हा उतरू लागला. रावजीला हलता येईना. म्हातारा ओळीशी आला आणि रावजीच्या मागच्या जागेत उभा राहिला. थंडीत कुडकुडावं तशी त्याची हनुवटी हलत होती. त्याने टाचा जुळवल्या, पोट आत घेतलं. शेजारच्याने त्याचा खांदा धरून जरा सरळ केला.

मग म्हाताऱ्याने समोर दगडात पाहिलं आणि त्याला रावजी दिसला. रावजीला वाटलं, आता शिवी देईल. दिली असती तर बरं झालं असतं. पण त्या तोंडावर राग नव्हता. नातू बघतोय, मंडपात एवढी माणसं जमलीयत, एवढंच त्याला समजलं. त्याने हनुवटी दाबून धरली आणि मान आणखी ताठ केली. चार माणसांत नातवाची शोभा होऊ नये म्हणून.

मागच्या मागे कोणीतरी बारीक आवाजात काही हुकूम दिला. दगडातली ओळ वळली. पुढचं रावजीला दिसलं नाही, डोळे भरून आले होते. पुसले तेव्हा दगडात फक्त मंडप होता आणि त्याचं स्वतःचं तोंड.

"काका, दोन शब्द बोला ना आजोबांविषयी," सुजयने माइक त्याच्या तोंडाशी धरला.

रावजीने माइक हातात घेतला. "माझे आजोबा," तो म्हणाला. मंडप कान देऊन ऐकत होता. सखूकाकीने खुर्चीत मान वर केली. "माझे आजोबा..." पुढे त्याच्याने बोलवेना. बायकांनी पदर डोळ्यांना लावले आणि टाळ्या पुन्हा पडल्या, मघापेक्षा मोठ्या. विमला टाळ्या वाजवत नव्हती. ती गर्दीतून वाट काढत एकटीच पाखाडी चढू लागली होती.

सुजयने रावजीच्या खांद्यावर हात टाकला. "रडू नका काका. अभिमानाची गोष्ट आहे."

"होय," रावजी म्हणाला.